लसीका, वाहिनी आणि हात : शस्त्रक्रियेनंतरच्या मर्दनोपचाराची मुंबई-उपनगरांतील पूर्वपीठिका

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत शस्त्रक्रिया करून घरी परतलेल्या रुग्णाच्या कानावर आज एक नाव हमखास पडते : ‘लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज’, म्हणजेच लसीकानिःसारण मर्दन. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील ग्रंथी काढलेली स्त्री असो, गुडघ्याचा सांधा बदललेले वृद्ध गृहस्थ असोत, अथवा चरबी काढून घेण्याची सौंदर्यशस्त्रक्रिया करवून घेतलेला तरुण असो, सूज उतरावी म्हणून हा उपचार त्यांस सुचविला जातो. त्याच्या उगमाविषयी दोन समजुती प्रचलित आहेत. एकीनुसार हा उपचार म्हणजे आपल्याकडील प्राचीन अभ्यंगच असून पाश्चात्त्यांनी त्यास केवळ नवे नाव दिले आहे. दुसरीनुसार तो सर्वस्वी युरोपीय शोध असून अलीकडेच येथे आयात झाला आहे. या दोन्ही समजुती इतिहासाच्या कसोटीस पुरत्या उतरत नाहीत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हा प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. ज्या घरात ‘मालीश ती मालीश’ अशी समजूत असते, त्या घरात सुजलेल्या हातावर तेल घालून तो जोराने रगडला जाण्याचा संभव असतो. ज्या घरात हा उपचार परदेशी चमत्कार मानला जातो, तेथे त्याच्याकडून नको त्या अपेक्षा बाळगल्या जातात. दोन्ही ठिकाणी हानी रुग्णाचीच होते. म्हणून या उपचाराचे घटक कोणते, ते कोठून आले आणि मुंबईत ते कसे एकत्र आले, याचा क्रमाने विचार करणे अगत्याचे आहे.

१. शब्द

प्रथम शब्दाचा विचार करू जाता एक लक्षणीय गोष्ट आढळून येते. मराठी वैद्यकीय परिभाषेत ज्या द्रवास ‘लसीका’ म्हणतात, तो शब्द नव्याने घडविलेला नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील सातव्या अध्यायात शरीरातील उदकाचे वर्णन करताना, त्वचेच्या आत असणारे आणि व्रणाच्या ठिकाणी दिसणारे जे उदक, त्यास लसीका ही संज्ञा दिली आहे. म्हणजे हा शब्द वाहिनीशी जोडला जाण्यापूर्वी व्रणाशी जोडलेला होता. जखमेतून जे पाणी पाझरते ते रक्त नव्हे, पू नव्हे, तर शरीरातील एक निराळा द्रव होय, एवढे निरीक्षण त्या काळी झालेले होते.

सूज उतरविण्यासाठी हाताचा उपयोग करण्याचा निर्देशही प्राचीन ग्रंथांत आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या, म्हणजे द्विव्रणीय, अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले असून त्यांत ‘विम्लापन’ हा एक उपक्रम आहे. स्थिर आणि मंद वेदनेच्या सुजेवर प्रथम स्नेह लावून शेक द्यावा आणि नंतर वेळूच्या नळीने, तळहाताने किंवा अंगठ्याने हलके हलके मर्दन करावे, असे त्याचे स्वरूप आहे. ‘हळूहळू’ हा त्यातील निर्बंध विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. सूत्रस्थानातील अठराव्या अध्यायात बंधांचे, म्हणजे पट्ट्या बांधण्याचे, चौदा प्रकार सांगितले आहेत. निदानस्थानात श्लीपदाचे, म्हणजे हत्तीपायाचे, वर्णन करताना जेथे जुने पाणी साचून राहते आणि जेथे सर्व ऋतूंत गारवा असतो, अशा देशांत हा रोग विशेषेकरून होतो, असेही नमूद केले आहे. या ग्रंथाची डल्हणाच्या टीकेसह जी आवृत्ती अभ्यासक प्रमाण मानतात, ती यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिली व मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केली, ही गोष्ट येथे स्मरणीय आहे.

तथापि, एवढ्यावरून लसीकानिःसारणाची पद्धती प्राचीनांस ज्ञात होती असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. विम्लापन सांगितले आहे ते पिकू पाहणाऱ्या व्रणशोफासाठी. लसीका ज्या वाहिन्यांतून वाहते, त्या कोणत्या ग्रंथींना मिळतात आणि त्यांपैकी काही तोडल्यास द्रव कोणत्या मार्गाने वळवावा, हा विचार त्यात नाही. शब्द होता, हात होता, सूज ओळखणारी दृष्टी होती. परंतु नकाशा नव्हता.

२. वाहिनी

तो नकाशा सतराव्या शतकात युरोपात तयार होऊ लागला. १६२२ मध्ये इटलीतील गास्पारे आसेली यांना नुकत्याच खाणे घातलेल्या कुत्र्याच्या विच्छेदनात आतड्याच्या पडद्यावर दुधासारख्या पांढऱ्या वाहिन्या दिसल्या. १६५१ मध्ये फ्रान्सचे झाँ पेके यांनी तो पांढरा रस छातीतील एका मोठ्या वाहिनीवाटे रक्तात मिसळतो, हे दाखवून दिले. पुढील दोन वर्षांत डेन्मार्कचे टोमास बार्टोलिन आणि स्वीडनचे ओलोफ रुडबेक यांनी अशा वाहिन्यांचे जाळे आतड्यापुरते मर्यादित नसून सर्व शरीरभर आहे, असे प्रतिपादिले. या वाहिन्यांत झडपा असतात, त्यांतील प्रवाह एकाच दिशेने जातो, आणि अखेरीस मानेच्या मुळाशी, गळपट्टीच्या हाडामागे, तो शिरांत रिता होतो. लसीकानिःसारण मर्दनाचा प्रारंभ सुजलेल्या हातापासून न करता मानेपासून का करतात, याचे उत्तर या रचनेत आहे. आधी पुढील वाट मोकळी करावयाची, मग मागील द्रव पुढे ढकलावयाचा.

या ज्ञानाच्या इतिहासात मुंबईचे स्थान नगण्य नाही. १८५८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या शारीरशास्त्राच्या विख्यात ग्रंथातील चित्रे काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शारीर व शरीरक्रियाविज्ञान शिकवू लागले. १८६२ मध्ये लंडनच्या वैद्यकीय व शस्त्रवैद्यकीय संस्थेच्या कार्यवृत्तात त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. शरीराच्या एका भागातील लसीकावाहिन्यांची विकृती आणि दुधाळ मूत्र यांचा परस्परसंबंध हा त्याचा विषय होता. ज्यांचा हात अवयवांच्या चित्रणात इतका सिद्ध होता, त्यांनी मुंबईच्या रुग्णांत लसीकेची वाट चुकलेली पाहिली. दहा वर्षांनी, १८७२ मध्ये, कलकत्त्यात टिमोथी लुइस यांनी मानवी रक्तात हत्तीरोगाच्या कृमींची पिले पाहिली, आणि १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी डासांच्या शरीरात त्यांची वाढ होते असे दाखविले. सुश्रुताच्या ‘साचलेल्या पाण्याच्या देशा’चा कार्यकारणभाव येथे उलगडला.

परंतु या संशोधकांनी दिले ते निदान. कार्टर यांच्या काळात वाहिनीचे ज्ञान मुंबईत होते आणि मालीश करणारे हातही मुंबईत होते. या दोहोंची गाठ मात्र पडली नव्हती. एक विद्या महाविद्यालयाच्या विच्छेदनगृहात होती, तर दुसरी न्हाणीघरात आणि बाळंतिणीच्या खोलीत.

३. हात

ही गाठ युरोपातही फार उशिरा पडली. १८९२ च्या सुमारास शस्त्रवैद्य अलेक्झांडर फॉन विनिवार्टर यांनी हत्तीपायासारख्या सुजेसाठी हलके मर्दन, दाबपट्टी आणि अवयव उंचावर ठेवणे यांचा संयुक्त उपचार वर्णिला. लंडनमध्ये १८९४ मध्ये प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापक चारही परिचारिका असून मर्दनाच्या व्यवसायास लागलेला कलंक दूर करून त्यास वैद्यकाच्या शिस्तीत आणणे हा त्यांचा उद्देश होता. इंग्लंडमधील आजचा भौतिकोपचाराचा व्यवसाय याच संस्थेतून वाढला. मर्दन हे आधुनिक भौतिकोपचाराचे उपांग नसून त्याचे एक मूळ होय, हे यावरून ध्यानात येईल.

‘लसीकानिःसारण’ या नावाची स्वतंत्र हस्तपद्धती मात्र डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांची. ते वैद्य नव्हते. १९३० नंतरच्या काळात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पत्नी एस्ट्रिड यांच्यासह काम करीत असता, वारंवार सर्दीपडसे होणाऱ्या रुग्णांच्या मानेतील सुजलेल्या ग्रंथींवर त्यांनी हलक्या, वर्तुळाकार हालचालींचा प्रयोग केला. त्या काळी अशा ग्रंथींस हात लावणे वैद्यकास मान्य नव्हते. १९३६ मध्ये पॅरिसमधील एका प्रदर्शनात त्यांनी ही पद्धती लोकांपुढे मांडली. त्या प्रदर्शनाचा विषय आरोग्य आणि सौंदर्य असा होता. या उपचाराचा सौंदर्यव्यवसायाशी असलेला संबंध आजचा नव्हे, जन्मापासूनचा आहे. पुढे जर्मनीत योहानेस आस्डोंक यांनी या पद्धतीस वैद्यकीय परीक्षेच्या कक्षेत आणले. मिखाएल आणि एथेल फ्योल्डी या दांपत्याने मर्दन, पट्टीबंधन, त्वचेची निगा आणि व्यायाम या चार अंगांचा संयुक्त उपचार रूढ केला. त्यात मर्दन हे चारांपैकी एक अंग आहे, ही गोष्ट वारंवार विसरली जाते.

या पद्धतीचे मर्म स्पर्शाच्या मापात आहे. लसीकेच्या आरंभीच्या वाहिन्या त्वचेच्या लगत असून अतिशय नाजूक असतात. त्वचा हलकेच ताणली असता त्यांची मुखे उघडतात. जोराने दाबली असता त्या मिटतात. स्नायू रगडण्यासाठी जो जोर उपयोगी, तोच येथे प्रतिकूल ठरतो. चौपाटीवरील चंपी किंवा बाळंतिणीची तेलमालीश यांचे प्रयोजन निराळे आहे आणि त्यांचे कौशल्यही निराळे आहे. त्यांस हीन लेखण्याचे कारण नाही. परंतु सुजलेल्या हातावर ती पद्धती चालविणे म्हणजे एका कुलपास दुसऱ्याच कुलपाची किल्ली लावणे होय.

४. शस्त्र आणि संस्था

मुंबईत या उपचाराची गरज ठळक झाली ती कर्करोगाच्या शस्त्रक्रियेमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि अर्धशतकाहून अधिक काळ जगभर तीच प्रमाण मानली गेली. तिने अनेक प्राण वाचविले. परंतु काखेतील लसीकामार्ग तुटल्याने कित्येक स्त्रियांचा हात कायमचा सुजला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. प्रारंभी तेथे ८० खाटा होत्या. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. मूळचे गोव्याचे शस्त्रवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव त्या रुग्णालयासमोरील रस्त्यास दिलेले आहे. १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाची लोकसंख्याधिष्ठित नोंदणी सुरू झाली. ती भारतातील अशा प्रकारची पहिली नोंदणी होय.

शस्त्रक्रियेनंतरच्या जीवनाची काळजी घेणारी विद्या त्याच परळात, पलीकडच्या के. ई. एम. रुग्णालयात, आकार घेत होती. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० मध्ये तेथे व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. त्याच दशकाच्या प्रारंभी, बालपक्षाघाताच्या साथींच्या पार्श्वभूमीवर, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने तेथे भौतिकोपचाराचे विद्यालयही निघाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रमास प्रारंभ झाला. वाहिनीचे ज्ञान असलेला प्रशिक्षित हात मुंबईत येथून घडू लागला, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल. लसीकानिःसारणाची युरोपीय पद्धती पुढे आली, तेव्हा तिला रुजावयास जमीन तयार होती, ती या विद्यालयांमुळे.

५. उपनगर

परंतु परळ हे उपनगर नव्हे, आणि येथेच या इतिहासाचा सामाजिक पेच आहे. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत वाढली, तेव्हा अंधेरी व घाटकोपर तिच्यात आले. १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत वाढल्यावर बोरिवली आणि मुलुंडही शहराचे भाग झाले. वस्ती उत्तरेकडे सरकली. विशेषज्ञांची रुग्णालये मात्र दीर्घ काळ दक्षिणेकडेच राहिली. घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अगरवाल आणि अंधेरी-पार्ले भागासाठी कूपर अशी महापालिकेची रुग्णालये उभी राहिली. तथापि कर्करोगाचा रुग्ण बहुधा परळचीच वाट धरीत असे.

लसीकासूज हा एका भेटीत संपणारा विकार नाही. संयुक्त उपचाराच्या पहिल्या टप्प्यात काही आठवडे जवळजवळ रोज मर्दन करून पट्टी बांधावी लागते, आणि नंतर रुग्णाने ती निगा जन्मभर स्वतः राखावयाची असते. बोरिवली किंवा मुलुंडहून परळपर्यंत वीस ते पंचवीस किलोमीटरचा लोकलप्रवास, त्यातील गर्दी, आणि ज्या हाताने कडी धरावयाची तोच सुजलेला, या स्थितीत रोज जाणेयेणे किती जणींस साधेल ? उपचाराचे वेळापत्रक आणि शहराचे भूगोल यांच्यातील या विसंगतीमुळे हा उपचार रुग्णालयातून निघून घराकडे वळणे क्रमप्राप्त होते. २००९ मध्ये अंधेरीत कोकिळाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय सुरू झाले, आणि त्यासारख्या खाजगी संस्थांमुळे अंतर काहीसे कमी झाले. परंतु रोजच्या उपचाराचा खर्च हा नवा अडसर पुढे आला.

घराकडे वळलेल्या या उपचाराची गाठ तेथे आधीपासून असलेल्या हाताशी पडली. बाळंतिणीस आणि बाळास न्हाऊमाखू घालण्यासाठी येणारी बाई हे उपनगरी मराठी घरातील परिचित व्यक्तिमत्त्व. तिच्या अनुभवास घरात मान असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरची सूजही तिच्याच हाती सोपवावी, असे कोणास वाटल्यास नवल नाही. दुसऱ्या बाजूस सौंदर्यगृहांनीही हे नाव उचलले. एकाच नावाखाली भौतिकोपचारतज्ज्ञ, मालीशवाली बाई आणि सौंदर्यगृहातील सेविका असे तीन निरनिराळे हात उभे राहिले. लंडनच्या चार परिचारिकांसमोर १८९४ मध्ये जो प्रश्न होता, तोच शतकानंतर अंधेरी-बोरिवलीसमोर आला : रुग्णाने हात ओळखावा कसा ? २००२ चा व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेविषयीचा महाराष्ट्राचा अधिनियम आणि २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग-अधिनियम ही या प्रश्नास शासनाने दिलेली उत्तरे होत. नोंदणीकृत व्यावसायिक कोण, हे त्यांनी ठरविता येते. त्या व्यावसायिकास लसीकोपचाराचे विशेष शिक्षण मिळाले आहे किंवा नाही, हे रुग्णास विचारूनच घ्यावे लागते.

६. मूल्यमापन

या उपचाराचे फळ किती, याविषयी आता काही प्रमाणे उपलब्ध आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत स्तनकर्करोगानंतरच्या हाताच्या सुजेवरील सहा चाचण्यांचा परामर्श घेतला आहे. केवळ दाबपट्टीने सूज सुमारे ३० टक्के किंवा त्याहून काहीशी अधिक उतरली. मर्दनाची जोड दिल्यावर तीत सुमारे ७ टक्क्यांची भर पडली. मर्दन निर्धोक असून दाबपट्टीस त्याचे साहाय्य होऊ शकते, असा त्या समीक्षेचा मर्यादित अभिप्राय आहे. म्हणजे ज्यास लोक मुख्य उपचार मानतात ते सहायक होय, आणि ज्यास दुय्यम मानतात ती पट्टीच मुख्य होय. गुडघ्याच्या किंवा सौंदर्याच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज बहुधा काळाने आपोआपही उतरते. त्यामुळे तेथे मर्दनाचा वाटा किती, हे ठरविणे अधिक अवघड आहे. लाल, तापलेली, संसर्गाची सूज, शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय, अथवा ताब्यात न आलेला हृदयाचा विकार असता हे मर्दन करू नये, हा नियम सर्वमान्य आहे. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असता तिला मर्दन न करता प्रथम वैद्य गाठावा, एवढे घरोघरी ठाऊक झाले तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

मर्दनापेक्षा प्रतिबंध श्रेयस्कर, हेही या इतिहासातून दिसते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संकलनानुसार काखेतील ग्रंथी पूर्णपणे काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांत हाताची लसीकासूज आढळली. केवळ पहारेकरी ग्रंथी तपासलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५.६ टक्के होते. पहारेकरी ग्रंथी शोधण्याची साधने महाग असल्याने, काखेच्या खालच्या भागातील मोजक्या ग्रंथी काढून तपासण्याच्या सुलभ पद्धतीचा अभ्यास टाटा स्मारक रुग्णालयातील शस्त्रवैद्यांनी केला. कमी तोडणे हा सूज टाळण्याचा पहिला उपाय ठरतो. हाताचे काम त्यानंतर सुरू होते.

प्राचीन आणि अर्वाचीन यांचा मेळ अशक्य नाही, याचे उदाहरण केरळातील कासारगोड येथील उपयोजित त्वचाविज्ञान संस्थेत मिळते. हत्तीपायाच्या रुग्णांसाठी तेथे आयुर्वेदीय उपचार, योगासने, मर्दन आणि दाबपट्टी यांची सांगड घालण्यात आली आहे. तेथे परंपरेस केवळ गौरविण्यात आले नाही. सुजेचे मोजमाप करून तिची परीक्षा घेण्यात आली, हे त्या उपक्रमाचे वैशिष्ट्य होय.

सारांश, शब्द चरकाचा, हलक्या मर्दनाचा निर्देश सुश्रुताचा, वाहिनीचा नकाशा आसेली ते कार्टर या परंपरेचा, हस्तपद्धती व्होडर यांची, संयुक्त उपचार फ्योल्डी दांपत्याचा, आणि मुंबईतील प्रशिक्षित हात परळच्या विद्यालयांचा. यांपैकी कोणा एकास जनक म्हणून पुढे करणे इतिहासास धरून होणार नाही. प्राचीनत्वाचा दाखला देऊन सुजलेला हात रगडणे जितके अयोग्य, तितकेच नावीन्याच्या मोहाने पट्टी सोडून केवळ मर्दनावर विसंबणे अयोग्य होय. मुलुंड-बोरिवलीच्या रुग्णास आज हवा आहे तो घराजवळ, परवडणाऱ्या खर्चात, रोज मिळू शकणारा जाणता हात. परळात १९५० नंतर जे कार्य विद्यालयांच्या रूपाने आरंभिले गेले, ते उपनगरांतील महापालिका-रुग्णालयांपर्यंत कितपत पोचले, याचा रुग्णालयनिहाय शोध घेणे हे या विषयाच्या पुढील अभ्यासकांचे काम होय.